जुनी स्पोर्ट्स कार: घरच्या घरी जमण्यासारख्या बारीक दुरुस्त्या

पंचवीस-तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेतली की पहिली धास्ती इंजिनाची वाटते. प्रत्यक्षात इंजिन सहसा सगळ्यात शेवटी कुरकुरतं. त्याच्या कितीतरी आधी रबर कडक होतं, पाणी नको तिथे तुंबतं आणि वायरींच्या जोडण्यांवर गंज चढतो. गाडी चालते पण काहीतरी खटकतंय, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या तिघांपैकी एकात असतं. म्हणून सुटा भाग मागवायच्या आधी रबर, पाणी आणि जोडण्या तपासायच्या. नवशिक्याचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते अंदाजाने भाग बदलत बसल्यामुळे.

उदाहरणासाठी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतो. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती लोकांसमोर आली, आधी १.६ आणि पुढे १.८ लिटरच्या इंजिनासह, आणि १९९७ पर्यंत तिचे हेडलाइट बोनेटमधून वर उठायचे. रचना साधी, बोनेटखाली हात घालायला जागा. तुमची गाडी दुसरी असेल तर बोल्टच्या जागा आणि मापं बदलतील, तपासायची पद्धत तीच राहील. त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मात्र आधी मिळवा. ते हाताशी नसताना पाना उचलूच नका.

आधी जॅकबद्दल

गाडीखाली जायची वेळ येणारच, आणि या लेखात जीव जाण्याजोगी चूक कुठे होऊ शकत असेल तर ती इथेच. जॅक हे गाडी उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. जागा सपाट आणि कडक हवी. डांबर उन्हात मऊ होतं, त्यावर स्टँडचे पाय रुततात, तेव्हा खाली जाड फळी घाला. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. मागची बाजू उचलणार असाल तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी, कारण ते मागच्याच चाकांना धरतात. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या.

एमएक्स-५ मध्ये दाराखालच्या पट्टीला पुढे-मागे खाचांच्या जोड्या आहेत. स्टँड त्या दोन खाचांच्या मधल्या भागाखाली येतो. स्टँड ठेवायच्या आधी तिथे बोटाने दाबून आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज ठणठणीत आला पाहिजे. ठसका दिल्यासारखा बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर आतून गंज पोखरतोय आणि त्या जागेवर गाडी टेकवायची नाही. स्टँडवर गाडी बसली की खाली जायच्या आधी तिला बाजूने जोरात ढकला. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे.

काही कामं घरी करूच नयेत: एअरबॅगचं काहीही (पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की हात मागे), सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, पेट्रोलच्या टाकीजवळची गळती. टायमिंग बेल्टही (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळता ठेवणारा पट्टा) पहिल्या वर्षी नको. एमएक्स-५ च्या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, पण पोर्श ९४४ सारख्या गाडीत आपटतात, आणि मग इंजिन उघडण्यावाचून इलाज उरत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने आणि सॉकेट, टॉर्क पाना (ठरलेल्या मापाइतकंच आवळता येतं असा), ॲलन कींचा संच, मल्टिमीटर, चांगली टॉर्च, गंज सोडवणारं तेल. ब्रेक किंवा क्लचच्या पाइपाला हात लावणार असाल तर फ्लेअर पाना (पाइपावरून सरकवून नट जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) वेगळा घ्या. साध्या पान्याने त्या मऊ नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

बॅटरी आणि अर्थिंग

दिवे मंद, स्टार्टर रेंगाळतो, काचा हळू, इंडिकेटर लावला की रेडिओ खरखरतो. अशा विखुरलेल्या तक्रारी एकत्र आल्या की बहुधा अर्थिंग, म्हणजे बॅटरीची ऋण बाजू बॉडी आणि इंजिनाला जोडणारी वाट, खराब असतं. मल्टिमीटर वापरायला इथेच शिका, हात बसेल.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर बरा आहे. हे दोन्ही आकडे ठीक असूनही स्टार्टर रेंगाळत असेल तर वीज वाटेत कुठेतरी अडते आहे. ती कुठे, हे शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर (खांबावर, त्याच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. मीटरवर ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. तसंच मग बॉडीच्या धातूवर टोक ठेवून बघा, म्हणजे दोष नेमका कोणत्या टप्प्यात आहे ते कळतं.

उपाय साधाच आहे. बॅटरीची ऋण तार आधी काढा आणि जोडताना सगळ्यात शेवटी जोडा. अर्थचा बोल्ट सोडवा, पट्टीचं टोक आणि खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस फासा. नुसता बोल्ट आणखी घट्ट करून काही होत नाही. गंज दोन धातूंच्या मध्ये बसलेला असतो.

एमएक्स-५ ची बॅटरी डिकीत आहे, आणि यात एक मेख आहे. मूळ बॅटरी बंद प्रकारची होती आणि तिच्यातला वायू नळीने गाडीबाहेर जायचा. मधल्या कुण्या मालकाने तिथे साधी बॅटरी बसवली असेल तर आम्लाची वाफ डिकीतच कोंडते आणि पत्रा खाते. बॅटरी उचलून खालचा पत्रा एकदा बघाच. नवी घेताना वायू बाहेर नेणारी नळी लावता येईल अशीच घ्या.

चार दिवस उभी राहिल्यावर गाडी चालू होत नसेल तर कुठूनतरी वीज झिरपते आहे. ऋण तार काढून मीटर ॲम्पिअरच्या जागी लावा आणि तार व खांबाच्या मध्ये जोडा. दारं बंद, किल्ली बाहेर, थोडा वेळ थांबा. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्या सर्किटमध्ये. नंतर बसवलेला रेडिओ किंवा अलार्म हे नेहमीचे संशयित. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटर जळेल.

डोळे न उघडणारे हेडलाइट

दोन्ही उठत नसतील तर फ्यूज किंवा रिले. एकच उठत नसेल तर त्या बाजूची मोटर, तिचा कनेक्टर किंवा जाम झालेले सांधे. कनेक्टर काढून हिरवट थर दिसतो का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सांध्यांना ग्रीस लावा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

रात्री रस्त्यात अडकलात तर मोटरच्या वर एक टोपी असते, तिच्याखालची मूठ फिरवून दिवा हाताने वर करता येतो. पण त्याआधी रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढा. बोटं आत असताना मोटर अचानक जागी झाली तर ती थांबत नाही.

पिकअप घेताना झटके

उभ्या जागी इंजिन गोड चालतं आणि चढावर पॅडल दाबलं की धक्के देतं. हे लक्षण ऐकून लोक आधी पेट्रोलच्या पंपाकडे धावतात. एमएक्स-५ मध्ये आधी स्पार्क प्लगच्या तारा बघा. तारेचं आवरण वयाने कडक होऊन त्याला न दिसणारे तडे जातात, आणि इंजिनावर भार आला की ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी बाहेरूनच धातूवर उडी मारते. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि तारांवर स्प्रेने पाण्याचं बारीक धुकं मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या की निदान झालं. या वेळी तारांना हात लावायचा नाही.

तारा बदलताना एका वेळी एकच काढा आणि तिच्याच जागी नवी लावा. या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. तारांची अदलाबदल झाली की गाडी नीट चालायची नाही. प्लग काढायचे ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना त्याचे आटे सहज ओरबाडले जातात. प्लगची फट १.० ते १.१ मिलिमीटर, आवळायचं माप १५ ते २३ न्यूटन मीटर. नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवत न्या. दोन फेऱ्यांतच अडला तर तिरका लागलाय, उलट फिरवून पुन्हा बसवा.

प्लगच्या खोबणीत ऑईल साचलेलं दिसलं तर वरच्या रॉकर कव्हरचं गॅस्केट गेलंय. ते बदलल्याशिवाय नव्या तारा लावून उपयोग नाही, ऑईलमध्ये बुडून त्याही खराब होतील.

ऑईलची गळती

गाडीखाली गिअरबॉक्सच्या जोडावर ऑईलचा थेंब दिसला की कुणीतरी हमखास सांगतं, क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) मागचा सील गेला, गिअरबॉक्स उतरवा. ऐकू नका, निदान लगेच तरी. या इंजिनात हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) तोंड करून, कॅम अँगल सेन्सर बसलेला आहे. त्याच्याभोवती एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असते. ती वर्षानुवर्षं तापून प्लास्टिकसारखी कडक होते, ऑईल तिथून झिरपतं आणि हेडच्या पाठीवरून ओघळत नेमकं क्रँकच्या सीलच्याच जागी येऊन टपकतं.

खात्री करायला इंजिनाची मागची बाजू डिग्रीझरने स्वच्छ करा, वाळू द्या, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी थोडी फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीवर ऑईलची वाट स्पष्ट उमटते. ती वाट वर चढत जिथे संपते तिथे दोष.

सेन्सर एका बोल्टवर आहे, पण तो थोडा इकडेतिकडे फिरवता येतो आणि त्याच्या फिरण्यावर इग्निशनचं टायमिंग ठरतं. म्हणून बोल्ट सैल करण्याआधी सेन्सर आणि हेड दोन्हींवर आरपार एक बारीक रेघ कोरा. मार्करची खूण ऑईलने पुसते. कोरलेली राहते. मग बोल्ट काढून सेन्सर सरळ मागे ओढा. जागा इतकी अडचणीची आहे की बोल्ट डोळ्यांनी कमी आणि बोटांनीच जास्त शोधावा लागतो. जुनी ओ-रिंग बहुतेक वेळा टोकदार काडीने उचलताना कट्‌कन तुटते. तशी तुटली की गळतीचं कारण हातात आलं. खाच पुसा, नव्या ओ-रिंगला ऑईलचं बोट लावा, सेन्सर आत सरकवा. त्याच्या टोकाचे दात मध्यापासून थोडे बाजूला आहेत, त्यामुळे तो एकाच स्थितीत बसतो. बसत नसेल तर अर्धा फेरा फिरवा, दाबू नका. रेघा जुळवून बोल्ट आवळा. पुढे कधी टायमिंग लाइट मिळाली तर बोनेटखालच्या तपासणीच्या डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन खिडक्या तारेने जोडून टायमिंग बघा. ते १० अंशांवर आणि इंजिनाचे फेरे ८५० च्या आसपास हवेत. काम झालं की जोडतार काढायला विसरू नका.

क्लच पॅडल जमिनीला टेकतं

रिव्हर्स टाकताना करकर, पॅडल खाली बसल्यासारखं, फ्लुइडची डबी वरचेवर उतरते. नव्वद टक्के लोक म्हणतील क्लच प्लेट गेली. इथे गुन्हेगार बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला छोटा स्लेव्ह सिलिंडर असतो. पॅडलजवळचा मास्टर सिलिंडर पाइपातून फ्लुइड ढकलतो आणि त्या दाबाने स्लेव्ह क्लच सोडवतो. त्याच्या टोकाची रबरी टोपी मागे सरकवा. आत ओलावा किंवा काळसर फ्लुइड असेल तर आतला सील संपला. टोपी कोरडी असेल तर गाडीत जाऊन पॅडलच्या मागे, मास्टर सिलिंडरची दांडी आत जाते तिथे बोट फिरवून बघा.

स्लेव्ह बदलायचा क्रम असा:

१. ब्रेक फ्लुइड रंग खातं, तेव्हा आजूबाजूला कापड अंथरा, हातमोजे आणि चष्मा घाला, जवळ पाणी ठेवा.

२. पाइपाचा नट फ्लेअर पान्याने आधी थोडा सैल करा, सिलिंडर अजून बोल्टने धरलेला असतानाच. सुटा सिलिंडर हातात धरून तो नट सुटत नाही.

३. दोन बोल्ट काढून जुना सिलिंडर बाजूला घ्या. पाइप पिळवटू देऊ नका.

४. नवा सिलिंडर हातात असतानाच पाइपाचा नट बोटांनी आट्यांवर बसवा, मग बोल्ट, मग नटाची शेवटची आवळणी.

५. डबीत नवं, सीलबंद बाटलीतलं डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइड भरा. डॉट ५ वेगळ्याच जातीचं, सिलिकॉनचं आहे. ते यात मिसळायचं नाही.

६. आता ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं. सिलिंडरवरच्या ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. सोबत्याने पॅडल सावकाश दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा, त्यानंतरच त्याने पॅडल सोडायचं. पहिले काही वेळा पॅडल वर येत नाही, ते हाताने ओढावं लागतं. घाबरू नका.

७. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा आणि मधूनमधून डबी बघत राहा. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत, आणि सगळं पहिल्यापासून.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. नव्या स्लेव्हने दाब वाढला की जुना मास्टर महिन्या-दोन महिन्यांत गळायला लागल्याच्या तक्रारी बऱ्याच असतात. माझं मत: दोन्ही एकदमच बदला, ब्लीडिंगची कटकट एकदाच होते.

हँडब्रेक लागत नाही

लिव्हर बराच वर येतो आणि तरी उतारावर गाडी सरकते. पहिला मोह केबल आवळायचा होतो. तो टाळा. आधी मागच्या कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) अंतर नीट करायचं, मग केबल.

गाडीची मागची बाजू स्टँडवर घेऊन मागची चाकं काढा. पुढच्या चाकांना अडण आहे ना ते बघा आणि लिव्हर पूर्ण खाली सोडा. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिलिमीटरचा एक बोल्ट आहे. तो नुसतं झाकण आहे. काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीची जागा दिसते. की घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत. मग उलट एक तृतीयांश फेरा. डिस्क मोकळी फिरली पाहिजे. अगदी हलकी खसखस ऐकू आली तरी चालेल. झाकण लावा, दुसरी बाजू करा. त्यानंतर आतला लिव्हर ओढून खटके मोजा. ५ ते ७ खटक्यांत पकड आली तर केबलला हात लावायची गरजच नाही. मागचे ब्रेक पॅड बदलतानाही पिस्टन याच ॲलन कीने मागे घ्यायचा. क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते.

चाक काढलंच आहे तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या ओढून बघा. जाम असतील तर साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. पॅड आणि डिस्कवर ग्रीसचा अंशही नको.

पाणी

सीटमागचा गालिचा ओला लागतोय म्हणून लोक नवं छत बसवतात, आणि पहिल्याच पावसात तो परत ओला. उघडझाप होणाऱ्या छतावरून येणारं पाणी मागच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली पडतं. नळ्यांत पानं आणि माती अडकली की पाणी आत सांडतं किंवा दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरतं, आणि ती पट्टी आतून कुजते. वर जॅकच्या ठिकाणी पत्रा ठोकून बघायला सांगितलं ते याचसाठी.

दोन्ही बाजूंना तांब्याभर पाणी सावकाश ओता आणि खाली बघा. लगेच धार लागली पाहिजे. नसेल तर गवत कापायच्या यंत्रात घालतात तशी जाड नायलॉनची दोरी वरून अलगद सरकवत न्या. सायकलची तार किंवा सळई घालू नका, नळी फाटली की पाणी कायमचं पत्र्याच्या आत. हवेच्या जोरदार दाबानेही नळी सांध्यातून निसटू शकते. पावसाळ्याआधी आणि पानगळीनंतर हे काम ठरवूनच करावं.

उरलेलं थोडक्यात

काच रेंगाळत असेल तर दाराचं आतलं पॅनेल काढून काच सरकते त्या खाचा पुसा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. मोटर बदलायचा विचार त्यानंतर. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय, फुटायची वाट न बघता बदला. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

चाक काढलं असेल तर नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोर, ९० ते ११८ न्यूटन मीटरपर्यंत आवळा. ब्रेकचं काम केलं असेल तर इंजिन चालू करून जागेवरच पॅडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट लागेपर्यंत गाडी हलवायची नाही. मग मोकळ्या जागी अगदी सावकाश चालवून ब्रेक लावून बघा. शंभरेक किलोमीटर झाले की टॉर्क पाना पुन्हा बाहेर काढा, नट तपासा आणि जिथे पाइप किंवा सील बदललाय तिथे टॉर्च मारून ओल आहे का ते बघा.